दोन केटी, एक नोकरी आणि बाबांचा राग

पत्र:

नमस्कार ताई,
मी डोंबिवलीला राहतो. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सहाव्या सेमला आहे. दोन केटी (नापास होऊन राहिलेले पेपर) आहेत, चौथ्या सेमचं मॅथ्स-४ आणि पाचव्या सेमचं टीसीएस (थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्स). त्या निघाल्या तर सीजीपीआय (सगळ्या सेमची दहापैकी सरासरी) ६.२ च्या आसपास बसेल. डिसेंबरपासून मरोळच्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप करतोय. ते पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतात. मला काम आवडतं आणि तिथल्या सरांना माझं काम आवडतं. आता ते म्हणतात, जूनपासून फुल टाइम ये, महिना २६ हजार देतो, डिग्रीचं आम्हाला काही नाही.
कॉलेजातले सर म्हणतात, सातच्या खाली असाल तर प्लेसमेंट विसरा. यूट्यूबवर सांगतात, गूगलसुद्धा डिग्री बघत नाही. आमच्या बिल्डिंगमधला एक दादा बी.कॉम. आहे, तो गोरेगावला सॉफ्टवेअरमध्ये चांगले पैसे कमावतो. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत, दोन वर्षांत रिटायर होतील. बहीण अकरावीला आहे. घरात विषय काढला तर बाबा म्हणाले, डिग्री सोडलीस तर या घरात राहायचं नाही.
डिग्रीला आणि मार्कांना खरंच किंमत असते का? कॉलेज सोडू का?
– नाव छापू नका, डोंबिवली (पूर्व)

उत्तर:

कॉलेज सोडू नकोस. आणि मरोळच्या सरांनाही लगेच नाही म्हणू नकोस. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते पुढे सांगते, पण आधी तुझे ते तीन सल्लागार बघू: कॉलेजातले सर, यूट्यूबवाले आणि बिल्डिंगमधला दादा. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. फक्त प्रत्येक जण वेगळ्या नोकरीबद्दल बोलतोय.

मी बरीच वर्षं मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. मोठ्या कंपनीची फ्रेशर भरती म्हणजे काय ते मुलांना बाहेरून कळत नाही. अर्ज हजारोंनी येतात. ते कुणी वाचत नाही, वाचणं शक्यच नसतं. त्यांची एक यादी होते आणि यादीला चाळणी लागते. चाळणीत तुझा स्वभाव, तुझी मेहनत, तू रात्री जागून लिहिलेला कोड यांतलं काहीच दिसत नाही. दिसतात ते आकडे. टीसीएससारख्या कंपनीच्या फ्रेशर भरतीच्या अटी वर्षानुवर्षं साधारण अशाच आहेत: दहावी, बारावी आणि डिग्री, सगळीकडे ६० टक्के किंवा ६ सीजीपीए (म्हणजे तुझा सीजीपीआय), अर्ज करताना फार तर एक केटी बाकी, आणि शिक्षणातला खंड दोन वर्षांपेक्षा जास्त नको. बाकीच्या मोठ्या कंपन्यांच्या अटीही याच वळणाच्या असतात, कुठे थोड्या सैल, कुठे थोड्या कडक.

आता स्वतःकडे बघ. तुझा ६.२ या चाळणीतून खाली पडतो, म्हणजे तू आत जातोस. अडकतात त्या दोन केटी. तुझ्या पत्रात काळजी सीजीपीआयची आहे आणि केटीचा उल्लेख फक्त एका ओळीचा. माझ्या मते हे नेमकं उलट हवं होतं.

सरांच्या त्या सातच्या आकड्याचंही बोलू. कॅम्पसवर येणाऱ्या काही कंपन्या सात मागतात, काही त्याहूनही जास्त, तेव्हा सर अगदीच चुकीचं सांगत नाहीत. पण हिशेब कर. सगळ्या सेमना सारखं वजन धरलं, तर पाच सेमची सरासरी ६.२ असताना आठव्या सेमअखेर ७ गाठायला उरलेल्या तिन्ही सेममध्ये प्रत्येकी ८.३ च्या वर लागतील. दोन केटी डोक्यावर आणि इंटर्नशिप चालू असताना? जमलं तर मला आनंदच होईल, पण त्यावर घर बांधू नकोस. ६.२ चा ६.५ झाल्याने फारसं काही उघडत नाही. एक केटी निघाली तर शेकडो जाहिरातींचे फॉर्म भरता येतात. दोन्ही निघाल्या तर आणखी. तेव्हा आज संध्याकाळचा वेळ कुठे घालायचा हे तूच ठरव.

आधी मॅथ्स-४ उचल. फायनल इयरच्या प्रवेशाला सेकंड इयरची केटी बाकी असलेली चालते का, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नकोस, तिथे चार जण चार नियम सांगतील. ८० पैकी ३२ मिळवायचे आहेत, सुवर्णपदक नव्हे. मागचे पेपर घे, दरवर्षी येणारे प्रकार ओळख, तेवढेच पक्के कर.

टीसीएसचं मात्र थोडं वेगळं आहे. (ज्या पेपरला सगळे टीसीएस म्हणतात त्यात केटी लागली म्हणून टीसीएस कंपनीत फॉर्म भरता येत नाही, हा मुंबई विद्यापीठाच्या मुलांचा जुना विनोद, पण तुझ्या बाबतीत तो खराच झालाय.) ऑटोमाटा म्हणजे पाटीवरची वर्तुळं आणि बाण, कामाशी काय संबंध, असं तुला वाटत असणार. मरोळला तू पेशंटचा मोबाइल नंबर तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर कसा असावा ते सांगणारा नियम) लिहीत असशील ना? ते याच पेपरातलं आहे. नियम लिहिण्याच्या या पद्धतीपासून प्रत्यक्ष शोधणारं यंत्र कसं करायचं, ते संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसनने १९६८ मध्ये मांडलं होतं. आणि न समजता लिहिलं की काय होतं, त्याचं उदाहरण २ जुलै २०१९ चं आहे. क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या सुरक्षा नियमांत एक रेग्युलर एक्स्प्रेशन टाकलं. ते जुळवताना मागे-पुढे इतक्या फेऱ्या मारायला लागलं की जगभरातल्या त्यांच्या यंत्रांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले, आणि त्यांच्यामार्फत चालणाऱ्या असंख्य वेबसाइट सुमारे २७ मिनिटं ठप्प झाल्या. पुढे त्यांनी अशा फेऱ्या न मारणारं, वेळेची हमी देणारं इंजिन वापरायचं ठरवलं. हा किस्सा डोक्यात ठेवून त्या पेपराला बस. बघ, बाण जरा बरे दिसतात का.

आता यूट्यूबवाले. गूगलचं ते सांगतात ते अर्धं खरं आहे. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं होतं की त्यांच्या आकडेवारीत मार्कांचा आणि पुढच्या कामगिरीचा काही संबंध दिसला नाही. काही टीममध्ये तर कॉलेजात न गेलेल्यांचं प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत पोचलं होतं. व्हिडिओ इथेच संपतो. पण त्याच मुलाखतीत एक अपवाद होता, नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत थोडासा संबंध दिसतो. तू नेमका त्या अपवादात बसतोस. आणि काही टीममध्ये १४ टक्के म्हणजे त्याच टीममधले उरलेले ८६ टक्के कॉलेजात गेलेलेच होते, हेही कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.

बाहेर जायचं तुझ्या डोक्यात आज नसेल. सव्विसाव्या वर्षी येईल, सगळ्यांच्याच येतं. तिथे कंपनीला तुझी डिग्री नको असली तरी सरकारला हवी असते. अमेरिकेचा एच-१बी व्हिसा ज्या कामाला पदवी लागते अशाच कामासाठी मिळतो. पदवी नसेल तर कमी पडणाऱ्या शिक्षणाच्या एका वर्षामागे त्या क्षेत्रातल्या कामाची तीन वर्षं धरतात. चार वर्षांच्या पदवीचा हिशेब तूच कर. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना ब्ल्यू कार्डसाठी (तिथे राहून काम करायच्या परवान्यासाठी) पदवीची अट सैल केली, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव आणि ठरलेला पगार असला तर चालतं. म्हणजे दारं थोडी उघडतायत. पण हे सेम धरून तीनच सेम बाकी असताना डिग्री टाकून देऊन त्या फटीतून आत शिरायचं काही कारण नाही.

सरकारी नोकरीचं तू विचारलेलं नाहीस, पण बाबा विचारतील म्हणून सांगून टाकते. इस्रोच्या शास्त्रज्ञ पदाच्या जाहिरातीत इंजिनीअरिंगला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए मागतात, ते तुला सध्या लांब आहे. सरकारी बँकांतल्या आयटी ऑफिसरला कॉम्प्युटरची चार वर्षांची इंजिनीअरिंग पदवी चालते. अर्धी चालत नाही.

राहिला बिल्डिंगमधला दादा. त्याला गाठ आणि एकच विचार, पहिली नोकरी कशी मिळाली? आत्ताची नको, पहिली. माझा अंदाज सांगते, कारण असे बरेच जण मी बघितलेत. पहिली नोकरी सपोर्टची किंवा टेस्टिंगची असेल, पगार सांगायला लाज वाटावी एवढा असेल, कुणाच्या तरी ओळखीने मिळाली असेल, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याने दिवसा काम आणि रात्री अभ्यास केला असेल. एकदा अनुभव जमला की चित्र पालटतं. मार्क म्हणजे लग्नाच्या बाजारातली पत्रिका. ती जुळली नाही तर कांदेपोह्यांपर्यंत गाडी जातच नाही, पण लग्नाला तीन वर्षं झाल्यावर कुणी पत्रिका काढून बसत नाही. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला मी सीजीपीआय विचारल्याचं मला आठवत नाही. डिग्री कुठली, हे मात्र फॉर्ममध्ये तेव्हाही भरावं लागतं, आणि नोकरी लागल्यावर चौकशी करणारी एजन्सी मार्कशीट मागते. काही कंपन्या सगळ्या सेमच्या मागतात.

तिथे एक गोष्ट चुकूनही करू नकोस. केटी लपवायची नाही आणि अनुभवाचं खोटं पत्र घ्यायचं नाही. असली पत्रं विकणारे आहेत, तुलाही कधीतरी मेसेज येईल. पकडलं गेलं की तीन वर्षं नीट काम केलेल्यालाही संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत करायला सांगतात. केटी असलेली मुलं मी घेतली आहेत. खोटं सापडलेला मात्र एकही ठेवला नाही.

चाळणीच्या पुढे मुलाखतीच्या खोलीत आलं की मार्क जवळपास संपतात. ९ पॉइंटरवाली मुलगी समोर बसली आणि स्वतःच्याच प्रोजेक्टमधला एक टेबल असा का केला हे सांगता आलं नाही, तर मला लगेच कळतं की प्रोजेक्ट विकत आणलेला आहे. तयार प्रोजेक्ट कुठे मिळतात हे आम्हालाही ठाऊक असतं. तुझ्याकडे मात्र खरी गोष्ट आहे. लॅबचं सॉफ्टवेअर, खरे पेशंट, रिपोर्ट उशिरा आला म्हणून फोन करून ओरडणारे खरे डॉक्टर. हे सगळं कॅम्पसवरच्या किती मुलांकडे असेल?

फक्त ते सांगता आलं पाहिजे. ‘मी बॅकएंडवर काम केलं’ याला काही अर्थ नाही. असं सांग, की जुने रिपोर्ट शोधायला वेळ लागत होता, मी बघितलं तर मोबाइल नंबरवर इंडेक्सच (नोंद पटकन शोधायची सूची) नव्हता, तो लावला आणि शोध लगेच व्हायला लागला. मग मी विचारणार, का झाला? आणि इथे कॉलेज उपयोगी पडतं. दहा लाख नोंदी एकेक करून बघायच्या तर सरासरी पाच लाख बघाव्या लागतात, क्रमाने लावून दर वेळी अर्ध्या बाद करत गेलं तर वीस पायऱ्यांत हवी ती सापडते, आणि डेटाबेसचा इंडेक्स तर एका पायरीत अर्ध्याहून कितीतरी जास्त बाद करतो. हे ज्याला समजून सांगता येतं त्याचा सीजीपीआय बघायला मी परत कागद उलटत नाही. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, हे चार विषय परीक्षेसाठी केले असशील तर या सुट्टीत कामासाठी परत कर. कोड लिहून द्यायला आता एआयची साधनं आली आहेत, म्हणून हे विषय मागे पडले असं समजू नकोस. उलट साधनाने लिहून दिलेलं बरोबर आहे की नाही हे ओळखणारा माणूस लागतो, आणि फ्रेशरच्या मुलाखतीत आता हेच जास्त चाचपून बघतात.

तुला काम येतं याचा आणखी पुरावा हवा असेल तर पवईला आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे, मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारा. त्यांच्या फेलोशिपला आधी एक काम करून दाखवावं लागतं, त्यावरून निवड होते. तुझ्यासारख्यासाठी ती जागा चांगली आहे. गूगल समर ऑफ कोड हा मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायचा गूगलचा कार्यक्रमही बघून ठेव, २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याचीही अट नाही.

आता मरोळ. २६ हजार वाईट नाहीत. मोठ्या कंपन्यांचं नेहमीचं फ्रेशर पॅकेज बराच काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलंय, म्हणजे महिन्याला तुझ्यापेक्षा दोन-तीन हजारच जास्त. तेव्हा पैशासाठी त्यांना हलकं लेखू नकोस. प्रश्न वेगळा आहे. छोटी कंपनी आठ महिन्यांत बंद पडली तर तुझ्या हातात बारावीची मार्कशीट आणि आठ महिन्यांचा अनुभव उरेल. त्या वेळी तुला परत त्याच चाळणीसमोर उभं राहावं लागेल, आणि चाळणीत तू दिसणारसुद्धा नाहीस. सर मनाने कितीही चांगले असले तरी कंपनी चालणं त्यांच्या एकट्याच्या हातात नसतं.

म्हणून सरांकडे जा आणि सरळ सांग, मला इथेच काम करायचंय, पण डिग्री पूर्ण करून. पुढच्या वर्षभर आठवड्यातले तीन दिवस काम, त्यातले दोन घरून. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि संध्याकाळी परत तीच गर्दी, यात अभ्यासाचा जीव जातो, हे त्यांनाही पटेल. पगार त्या प्रमाणात कमी घे, तेरा-चौदा हजार मिळाले तरी ठीक. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस सुट्टी. हे सगळं ईमेलवर लिहून घे. त्यासोबत कॉलेजात एचओडींना (विभागप्रमुखांना) भेट. फायनल इयरचा प्रोजेक्ट याच कामावर करता येईल का, हजेरीत काही सवलत मिळेल का, ते विचार. अनेक कॉलेजं ऐकतात, पण आधी विचारलं तरच. हजेरीची यादी लागल्यावर कुणी ऐकत नाही.

सर नाहीच म्हणाले, फुल टाइम नाहीतर काहीच नाही असं झालं, तर इंटर्नशिप जूनपर्यंत कर, इंटर्नशिपचं पत्र घे आणि निघ. चांगलं काम करणाऱ्या मुलाला जो एक वर्ष थांबू शकत नाही, त्याला माणूस हवा आहे की स्वस्तात हात हवे आहेत, हे तू समजून घे.

घरी पैशांची ओढ इतकी असेल की आत्ताच पूर्ण पगार हवा, तर मला पुन्हा लिही, मग वेगळा विचार करू. नोकरी सांभाळून पदवी देणारे रस्ते आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. आहे. पण सहावं सेम चालू असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं म्हणजे कल्याणपर्यंत येऊन परत सीएसएमटीला जाण्यासारखं होईल, तेव्हा तो शेवटचा पर्याय ठेव.

बाबांशी डिग्रीवरून वाद घालू नकोस. त्यांचा राग डिग्रीवर नाहीच. दोन वर्षांनी पगार थांबणार आहे आणि तोपर्यंत मुलाचं काहीतरी पक्कं व्हावं, एवढंच त्यांना हवंय. त्यांच्यासमोर कागद ठेव: केटीच्या परीक्षा कधी, फायनल इयरची फी किती, मरोळहून महिन्याला किती येणार, त्यातून फीचा किती भाग निघणार. ड्यूटीवरून आल्या आल्या नको, जेवण झाल्यावर. आणि आईला आधी सांगून ठेव.

एक शेवटचं, ऑफर लेटर येईल तेव्हाचं. त्यावर हुद्दा, पगार आणि नोटीस किती दिवसांची हे लिहिलेलं हवं. पगार बँकेतच हवा, दर महिन्याची सॅलरी स्लिप हवी, कारण पुढची कंपनी त्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर मागणारच. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला द्यायच्या नाहीत, झेरॉक्स द्यायची. बॉण्ड असेल तर सही करायच्या आधी त्याचं पान मला पाठव.